शहाणी कधी गुरगुरत नाही

इस्पितळात शहाणीबद्दल दोन गोष्टी सगळ्यांना ठाऊक होत्या. एक म्हणजे तिचे कान इतके लांब होते की पाणी पिताना ते वाडग्यात बुडायचे. आणि दुसरी, ती कधी गुरगुरत नसे. पहिल्या गोष्टीला मुलं हसायची. दुसरीचं मोठी माणसं कौतुक करायची, आणि त्यांतल्या एकालाही तिची भीती वाटली नाही. खरं तर वाटायला हवी होती.

शहाणी म्हणजे तपकिरी रंगाची, मध्यम उंचीची, अमुक एका जातीची म्हणून सांगता न येणारी कुत्री. आठवड्यातून चार दिवस निळं जाकीट घालून ती इस्पितळात यायची आणि आजारी माणसांजवळ बसायची. कुणी तिच्या पाठीवरून हात फिरवायचं, कुणी तिला मनातलं सांगायचं, अपघातातून उठलेली मुलं तिला ब्रशने विंचरायची आणि तेवढाच त्यांच्या हातांना व्यायाम व्हायचा. तिला घेऊन यायची ती मावशी.

मावशीचा जन्म त्याच इस्पितळात गेला म्हणायला हरकत नाही, पण तो गेला मागच्या बाजूला, धुलाईखान्यात. सव्वीस वर्षं तिने चादरी धुतल्या, वाळवल्या, घड्या घातल्या. तिचं नाक असं तयार झालं होतं की मळकी चादर जवळ आली की ती सांगायची, ही भाजलेल्यांच्या खोलीतली, ही बाळंतिणीची, ही अशा माणसाची ज्याचे आता फार दिवस उरले नाहीत. शेवटचं सांगताना ती आवाज खाली आणायची. तिचा अंदाज सहसा चुकत नसे, म्हणून तिला कुणी फारसं विचारतही नसे.

घरी मावशी सोशिक म्हणून प्रसिद्ध होती. सासू चारचौघांत सांगायची की आमची सून घरात आहे की नाही हेसुद्धा कळत नाही. हे कौतुक होतं बरं का. नवरा तापट होता, जेवणात मीठ कमी पडलं तरी घर डोक्यावर घ्यायचा, आणि मावशी तोंडातून ब्र काढायची नाही. एकदाच काय ते वेगळं घडलं. असाच दोन तास आरडाओरडा करून नवरा अंघोळीला गेला, मावशीने त्याच्या आवडत्या सदऱ्यावर तापलेली इस्त्री ठेवली आणि धूर निघेपर्यंत शेजारी उभी राहिली. नंतर म्हणाली, चुकून झालं. सगळ्यांनी मानलं, कारण ती असं मुद्दाम करील हे कुणाच्या स्वप्नातही आलं नसतं. दारात उभ्या असलेल्या लेकीने मात्र ते पाहिलं होतं.

पुढे सासू गेली, नवरा गेला, लेक नोकरीसाठी देशाच्या दुसऱ्या टोकाला राहायला गेली. त्याच वर्षी धुलाईखान्याच्या उबदार भिंतीला चिकटून झोपलेलं एक पिल्लू मावशीला सापडलं. तिने ते एका जुन्या टॉवेलात गुंडाळून घरी नेलं आणि घरात पुन्हा कुणीतरी वाट बघणारं झालं. तिने त्या पिल्लावर जीव टाकला, यात तिळमात्र खोटं नाही. पुढे जे झालं ते प्रेम कमी पडलं म्हणून झालं नाही, आणि हेच तर वाईट आहे.

पिल्लू आठेक महिन्यांचं असताना शेजारच्या मुलीने त्याच्या जेवणाच्या ताटलीत हात घातला आणि ते गुरगुरलं. मावशीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिने दोन्ही हातांनी कुत्रीचा जबडा घट्ट मिटून धरला आणि म्हणाली, अं हं, शहाण्या मुली असं करत नाहीत. मग जेव्हा जेव्हा घशातून तो आवाज निघे, तेव्हा तेव्हा मावशीचे हात जबड्यावर येत. महिन्याभरात आवाज बंद झाला. नावही त्यातूनच पडलं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात, तसलाच हा प्रकार होता. फरक इतकाच की बुक्क्या पुढे आल्या, आणि त्या लाडाच्या होत्या.

इस्पितळाने असे प्राणी नेमायचं ठरवलं तेव्हा शहाणीची परीक्षा झाली. परीक्षकाने तिच्या पाठीमागे स्टीलचा ट्रे आपटला, शेपूट ओढली, पंजे दाबून पाहिले, अनोळखी माणसाकरवी तिला मिठी मारवली. शहाणीने हूं की चूं केलं नाही. परीक्षक म्हणाला की इतका शांत प्राणी त्याने पाहिला नव्हता. मावशीला ओळखपत्र मिळालं, शहाणीला जाकीट मिळालं, आणि दोघींना एक नियम सांगण्यात आला. कामावरच्या प्राण्याचा दात माणसाला लागला आणि तो प्राणी कधी काय करील याचा भरवसा नाही असं ठरलं, तर त्याला कायमचं झोपवायचं. प्राणी आणणारी मंडळी आपसात याला ‘दात लागला की सुई’ म्हणायची. हसत म्हणायची, पण म्हणताना आपापल्या जनावराच्या डोक्यावर हात ठेवायची.

दारापाशी दर वेळी एक चिठ्ठी भरावी लागे. तीत एकच प्रश्न असे, ‘प्राणी आज कामाला तयार आहे का?’ शहाणीला लिहिता येत नव्हतं, तेव्हा उत्तर मावशी लिहायची. सहा वर्षं तिने ‘हो’ लिहिलं.

पहिल्या वर्षी आठवड्याला दोन खोल्या होत्या. मग चार झाल्या. मग मुलांचा विभाग झाला, मग डोक्याला मार लागलेल्यांचा, मग म्हाताऱ्यांचा. मावशीला कुणाला नाही म्हणता येत नसे. शिवाय मागच्या दाराने सव्वीस वर्षं आत गेलेल्या बाईला आता पुढच्या दाराने जाताना लोक उठून नमस्कार करत होते. पहारेकरी तिला शहाणीची आई म्हणायचा. हे सुख तिने आयुष्यात पहिल्यांदाच चाखलं होतं, आणि त्यावरून तिला नावं ठेवणाऱ्याने आधी स्वतःकडे पाहावं.

शहाणी बोलत नव्हती असं मात्र नाही. इस्पितळाच्या फाटकापाशी आली की तिला जांभया यायच्या, एकामागून एक. पहारेकरी म्हणायचा, झोप झाली नाही वाटतं बाईसाहेबांची. कुणी गळ्यात पडलं की ती जीभ नाकावरून फिरवायची. परिचारिका म्हणायच्या, बिस्किटाची आठवण झाली बघा. कुणी चेहरा जवळ आणला की ती मान वळवायची आणि डोळ्याचा पांढरा भाग दिसायचा. म्हातारे म्हणायचे, लाजते. प्रत्येक गोष्टीला कुणाकडे तरी गोडसं उत्तर तयार होतं. घरी गेल्यावर ती वाडगाभर पाणी एका दमात प्यायची आणि भिंतीकडे तोंड करून झोपायची. मावशी म्हणायची, दमली माझी बाय.

जनावरांचा डॉक्टर मात्र गोड बोलणाऱ्यांतला नव्हता. सहामाही तपासणीला तो शहाणीला टेबलावर घ्यायचा आणि बराच वेळ हात न लावता नुसता पाहत बसायचा. त्या वर्षी त्याने मावशीला विचारलं की ही कधी गुरगुरते का. मावशीने अभिमानाने सांगितलं की कधीच नाही, आणि ती सवय कशी मोडली तेही सांगितलं. जबडा कसा धरायचा ते हातांनी करूनही दाखवलं.

डॉक्टरने चष्मा काढला. "बाई, गुरगुरणं म्हणजे कुत्र्याचं ‘नको’ असतं," तो म्हणाला. "‘पुरे’, ‘जवळ येऊ नका’, सगळं त्यातच आलं. तुम्ही ते शब्द काढून घेतलेत. आता ती जांभई देते, तोंड फिरवते, जीभ फिरवते. तेही कुणी ऐकलं नाही तर तिच्यापाशी एकच शब्द उरतो, आणि तो दातांनी बोलायचा असतो."

त्याने आणखी एक गोष्ट सांगितली. जांभया येतात तोवर वेळ आहे. पण कुणी अंगाशी आलं असताना ही दगडासारखी स्तब्ध झाली, तोंड मिटलं, श्वास थांबला, तर तो शांतपणा समजू नका. त्यानंतर मोजायला दोन आकडे मिळतील, तिसरा मिळणार नाही. मग त्याने काम निम्म्यावर आणायला सांगितलं.

मावशी फणकाऱ्याने घरी आली. चार बुकं शिकलेल्या माणसाला माझी शहाणी काय कळणार, असं तिने लेकीला फोनवर सांगितलं. लेक म्हणाली की काम कमी कर. मावशीने विषय बदलला. त्या आठवड्यात तिने खोल्या कमी केल्या नाहीत. पण त्या दिवसापासून शहाणी जांभई देताना दिसली की मावशी दुसरीकडे बघायची. कानाडोळा करायलाही आधी दिसावं लागतं.

याच सुमारास मुलांच्या विभागात छोटी आली. आठ वर्षांची पोर, डोक्याला मार लागून उजवी बाजू लुळी पडली होती. तिच्या हाताची गंमत अशी, आणि गंमत हा शब्द इथे शोभत नाही, की मूठ मिटायला शिकली पण उघडायला शिकेना. काहीही हातात दिलं की बोटं त्यावर आवळली जायची आणि मग तिची तिला सोडवता येत नसत. जितकी घाई करावी, जितकी ती खूश व्हावी किंवा घाबरावी, तितकी मूठ घट्ट. व्यायाम करून घेणारी फिजिओताई तिची बोटं करंगळीपासून एकेक करून उलगडायची.

छोटीला चेंडू आवडत नसे, दोरी आवडत नसे. शहाणीचा कान आवडायचा. मऊ, लांब, ऊबदार. ती तो धरायची आणि फिजिओताई म्हणायची, सोड. शहाणी हलायची नाही. पाच-पाच मिनिटं ती मूठ कानावर असायची आणि शहाणी समोरच्या भिंतीवर नजर लावून पडून राहायची. फिजिओताईच्या डोळ्यांत पाणी यायचं. म्हणायची, मावशी, माणसाला जमणार नाही हो इतकं. चार महिने असं चाललं आणि एका मंगळवारी, सोड म्हटल्यावर, छोटीची बोटं आपणहून उघडली. सगळा विभाग गोळा झाला. शुक्रवारी छोटीचे वडील लांबच्या कामावरून येणार होते, त्यांना हे दाखवायचं ठरलं. इस्पितळाच्या प्रमुख, ज्यांना सगळे मोठ्या बाई म्हणायचे, त्यांनी सांगितलं की आपण याचा व्हिडिओ करू.

बुधवारी शहाणी डोकं झाडायला लागली. गुरुवारी तिने डावा कान जमिनीवर घासला. मावशीने कान उलटून नाकापाशी नेला आणि तिला क्षणात कळलं. तिला वासावरून न कळेल तर कुणाला कळेल? आत पिकलं होतं. डॉक्टरकडे नेलं असतं तर त्याने आठ-दहा दिवस घरी बसवलं असतं. वडील शनिवारी परत जाणार होते. मावशीने हिशेब केला की एकच दिवस तर आहे, आणि आपण छोटीच्या बाजूला उजवा कान ठेवू, म्हणजे डाव्याला धक्काही लागणार नाही. शुक्रवारी सकाळी तिने कापसाने कान पुसला आणि वास येऊ नये म्हणून कानामागे अंगाला लावायची पावडर लावली. कपाटातून जाकीट काढलं तेव्हा शहाणी पलंगाखाली गेली. असं ती पूर्वी कधी करत नसे. मावशीने तिला पुढच्या पायांना धरून हळूच बाहेर ओढलं. दारापाशी चिठ्ठीवर तिने ‘हो’ लिहिलं.

व्यायामाच्या खोलीत मोठ्या खिडक्या होत्या आणि मधोमध निळी गादी. छोटी गादीवर बसली होती, तिच्या पाठीला आधार देऊन फिजिओताई. आई आणि वडील खुर्च्यांवर अगदी कडेला टेकलेले. मावशीने शहाणीला ठरवल्याप्रमाणे उजवा कान छोटीकडे करून झोपवलं. मोठ्या बाईंनी फोन वर धरला, डोळे बारीक केले आणि म्हणाल्या की कुत्रीच्या तोंडावर अंधार येतोय, तिला जरा फिरवून घ्या, खिडकीकडे तोंड येऊ दे.

हा तो क्षण. मावशीने ‘नको’ म्हणायचं होतं. कारण सांगायचीसुद्धा गरज नव्हती, नुसतं नको म्हटलं असतं तरी मोठ्या बाईंनी ऐकलं असतं. तिने तोंड उघडलंही. पण सगळे बघत होते, आणि आयुष्यभर जे जमलं नव्हतं ते त्या दोन श्वासांत कुठून जमणार? मावशी खाली वाकली आणि शहाणीला फिरवलं. डावा कान छोटीच्या हाताशी आला. मावशी मागे सरून फोनच्या मागे उभी राहिली.

छोटीने कान धरला. शहाणीने मावशीकडे पाहिलं. फिजिओताई म्हणाली, आता सोड. छोटीने वडिलांकडे पाहिलं, हसली, आणि त्या आनंदाने तिची मूठ आणखी आवळली. शहाणीने जीभ नाकावरून फिरवली आणि पुन्हा मावशीकडे पाहिलं. वडील म्हणाले, सोड बाळा. आईने हलकेच टाळ्या वाजवायला सुरुवात केली, तिला धीर यावा म्हणून. मूठ पांढरी पडली. शहाणीने तिसऱ्यांदा मावशीकडे पाहिलं. मग ती स्तब्ध झाली. उघडं तोंड मिटलं. बरगड्या हलायच्या थांबल्या.

खोलीत कुणाला तरी ती फार गोड दिसत होती. मावशी मोजायला थांबली नाही. तिने पुढे झेप घेतली आणि शहाणीचं तोंड छोटीच्या गालाकडे वळलं त्याच क्षणी आपला उजवा हात मधे घातला. शहाणी आवाज न करता चावली आणि धरून राहिली.

मावशीही ओरडली नाही. ती किंचाळली असती तर पोर घाबरली असती आणि मूठ आणखी आवळली असती. एवढं तिला त्या वेदनेतही कळत होतं. तिने अगदी हळू आवाजात सांगितलं, "ताई, बोटं सोडवा. करंगळीपासून." फिजिओताईने आधी नुसतं पाहिलं, मग तिला दिसलं, आणि मग तिने एकेक बोट उलगडलं. शेवटचं बोट सुटलं तसे शहाणीचे दातही सुटले. छोटीला ओरखडाही नव्हता. मावशीच्या मनगटातून रक्त गादीवर पडत होतं, आणि शहाणी, प्रत्येक वेळी काम संपल्यावर बसायची तशी, पुढचे पाय जुळवून बिस्किटासाठी बसली होती.

त्यानंतरचे दहा दिवस शहाणी जनावरांच्या डॉक्टरकडे पिंजऱ्यात होती. चावलेल्या कुत्र्याला ठेवतात तसं. डॉक्टर रोज फोन करायचा. कान बरा होतोय म्हणायचा, खाते म्हणायचा, आणि शेवटी सांगायचा की शांत आहे. तो शब्द ऐकला की मावशीचा जीव थाऱ्यावर राहत नसे.

मनगटाला अकरा टाके पडले होते. लेक रजा काढून राहायला आली. तिसऱ्या दिवशी मोठ्या बाई घरी आल्या, फळं घेऊन. त्यांनी मावशीचा हात हातात घेतला आणि समजुतीने सांगितलं की आता प्राणीखात्याचे अधिकारी चौकशीला येतील आणि एकच गोष्ट विचारतील, कुत्रीने आधी काही सूचना दिली होती का. व्हिडिओ तर आहेच, आणि त्यात कुत्री शांत पडलेली दिसते आणि एकदम चावते. तेव्हा मावशीने तेवढंच सांगायचं. म्हणजे कुणाची चूक नाही, इस्पितळाची नाही, मावशीची नाही. जनावर ते जनावर. कुत्री जाईल, वाईट वाटेल, पण मावशीचं नाव राहील, ओळखपत्र राहील, आणि पुढच्या वर्षी चांगल्या घरचं एखादं पिल्लू आपण बघू. थोडक्यात, अळीमिळी गुपचिळी.

मोठ्या बाई वाईट नव्हत्या. त्यांना खरोखर मावशीला वाचवायचं होतं. त्या गेल्यावर मावशी लेकीला म्हणाली की काय करावं कळत नाही. कुत्री वाचवायची तर आपल्याच तोंडाने आपल्याला काळं फासायचं. सगळे काय म्हणतील? पहारेकरी काय म्हणेल?

लेक टाक्यांवरची पट्टी बदलत होती. "बाबांचा सदरा तू जाळलास तेव्हा मी दारात होते," ती म्हणाली. "त्याच्या आधी किती वर्षं तू न बोलता सांगत होतीस, ते मला माहीत आहे. आई, तू तिला अगदी तुझ्यासारखी केलीस."

मावशीने हात काढून घेतला. 

चौकशी इस्पितळातल्याच एका लहान खोलीत झाली. टेबलाच्या एका बाजूला अधिकारी, शेजारी जनावरांचा डॉक्टर, दुसऱ्या बाजूला मोठ्या बाई, फिजिओताई आणि मावशी. छोटीचे आईवडील भिंतीपाशी. अधिकारी कोरड्या आवाजाचा माणूस होता. त्याने संगणकावर व्हिडिओ लावला, सगळ्यांनी पाहिला, आणि तो म्हणाला की यात तर कुत्री काही न करता चावते. असा प्राणी सर्वांत धोक्याचा, कारण त्याचा अंदाजच लागत नाही. मग त्याने कागद पुढे ओढला आणि विचारलं, चावण्याआधी काही सूचना दिली होती का?

मोठ्या बाईंनी मावशीकडे पाहून ‘नाही’ अशी हलकेच मान हलवली. मावशी कागदाकडे पाहत राहिली. 

"दिली होती," मावशी म्हणाली. "जरा मागं घ्या. सांगते."

व्हिडिओ मागे गेला. मावशीने पट्टी बांधलेला हात वर केला आणि बोटाने दाखवायला लागली. इथं थांबवा. ही जीभ बघा, नाकावरून गेली. आता पुढं. इथं मान वळवायला बघतेय, पण कान पकडलाय. डोळा बघा, पांढरं दिसतंय. आता हे तोंड मिटलं. खोलीतल्या माणसांनी तोच व्हिडिओ पाहिला होता, पण आता तो वेगळाच दिसत होता. फिजिओताईने तोंडावर हात घेतला.

"आणि ह्या तिन्ही वेळा ती कुणाकडं बघतेय ते पाहिलंत का?" मावशी म्हणाली. "फोनच्या मागं मी उभी होते. माझ्याकडं बघतेय."

अधिकाऱ्याने विचारलं की हे तुम्हाला त्या वेळी कळत होतं का. मावशीने सांगितलं की शेवटचं नक्की कळलं, आधीचं कळून घ्यायचं नव्हतं. आणि मग, कुणी विचारलेलं नसताना, तिने पिकलेल्या कानाचं सांगितलं, पावडरीचं सांगितलं, पलंगाखालून ओढून काढल्याचं सांगितलं, आणि पिल्लू असताना जबडा धरल्याचंही सांगितलं. छोटीचे वडील उठून उभे राहिले.  आईने त्यांना बाहेर नेलं. जाताना तिने मावशीकडे अशा नजरेने पाहिलं की मावशीला मनगटापेक्षा ते जास्त दुखलं.

"हे सगळं माहीत असून तुम्ही तेव्हा का बोलला नाहीत?" अधिकाऱ्याने विचारलं.

"मला बोलायची सवय नाही, साहेब," मावशी म्हणाली. "तिला होती. ती मी घालवली."

दोष हाताळणाऱ्या बाईचा, असा निर्णय झाला. सूचना दिली होती, ती मानली गेली नाही, म्हणून कुत्रीला सुई नाही. तिला पुन्हा कामावर आणायचं नाही, मुलांजवळ सोडायचं नाही, बाहेर नेताना तोंडाला जाळी बांधायची. मावशीचं ओळखपत्र तिथल्या तिथे काढून घेतलं. मोठ्या बाई उठून निघून गेल्या. फाटकापाशी पहारेकरी वहीत डोकं घालून काहीतरी लिहीत होता, त्याने वर पाहिलं नाही. छोटीची मूठ त्या शुक्रवारनंतर पुन्हा उघडली नव्हती, हेही मावशीला फिजिओताईनेच जिन्यात सांगितलं. रागाने नव्हे. नुसतं सांगितलं.

शहाणी घरी आली. कान बरा झाला होता. तिने घरभर वास घेतला, पाणी प्यायली आणि भिंतीपाशी जाऊन पडली. लेक परत गेली. जाकीट इस्पितळाने परत मागून घेतलं होतं. आता सकाळी कुठे जायचं नव्हतं. जनावरांचा डॉक्टर म्हणाला होता की तिला तिच्या मनाने राहू द्या, हळूहळू ती सांगायला लागेल, कदाचित. त्याच्या त्या कदाचितवर मावशी चार दिवस जगली.

पाचव्या दिवशी दुपारी ती खुर्चीत बसली होती आणि तिला एकदम रडू कोसळलं. आवाज न करता, जशी ती नेहमी रडायची. शहाणी उठली. सावकाश चालत आली, खुर्चीपुढे बसली आणि हनुवटी मावशीच्या गुडघ्यावर ठेवली, अगदी वॉर्डात रडणाऱ्या माणसांच्या गुडघ्यावर ठेवायची तशी. तोंड मिटलेलं होतं. नजर समोरच्या भिंतीवर होती.

मावशीने तिच्या डोळ्यांत पाहिलं, ओठांकडे पाहिलं, बरगड्यांकडे पाहिलं. सगळं तिला आता वाचता येत होतं, असं तिने चौकशीत दाखवून दिलं होतं. पण ही आपणहून आली आहे की कामावर आली आहे, ते तिला सांगता येईना. मग तिच्या मनात आलं की गेल्या सात वर्षांतलं, या घरातलं, रोजचं ते जवळ येऊन बसणं, त्यातलं एकदा तरी आपल्यासाठी होतं का, हेसुद्धा आता कळायला मार्ग नाही.

"नको असेल तर जा गं," ती म्हणाली.

शहाणी हलली नाही. मावशीचे दोन्ही हात खुर्चीच्या दांड्यांवर होते. तिने ते तिथेच ठेवले.